मारकी म्हस, गरीब गाय: स्वभाव बघून पैदास कशी करायची

जनावर विकत घेताना दूध किती, फॅट किती लागतंय, वेत कितवं, दर काय, हे सगळं विचारून झालं की दावं सोडता सोडता माणूस विचारतो, मारत नाही न्हवं? खरं तर हा प्रश्न पहिला पाहिजे. मारकं जनावर दावणीला आलं की धार एकच माणूस काढू शकतो, तो कुठं लग्नाला गेला की घोळ, घरातली बाईमाणसं गोठ्यात जायला भितात, मग पाय बांधणं, वेसण ओढणं, काठी हे सुरू होतं आणि जनावर आणखीच बिथरतं.

आपल्याकडं खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात गाय भरवताना, म्हणजे गाभण करून घेताना, वळूच्या आईनं किती लिटर दिलं ते विचारतात, वळूच्या मुली धारेला उभ्या राहतात का लाथा झाडतात हे कुणी विचारत नाही. आणि स्वभाव पण रक्तातनं येतो, अगदी दुधासारखाच.

किती येतो? वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या जातींवर लोकांनी हे मोजलंय आणि गुरांच्या स्वभावाची आनुवंशिकता साधारण ०.१ ते ०.४ च्या मध्ये निघते. आता ०.३ म्हणजे तुमच्या म्हशीचा तीस टक्के राग आईबापाचा आणि बाकीचा तिचा स्वतःचा असं नव्हे हं. एका कळपातल्या जनावरांच्या स्वभावात जो फरक दिसतो त्यातला तीस टक्के फरक रक्तामुळं, उरलेला वाढवण्यामुळं, हाताळणीमुळं, दुखण्यामुळं, जागेमुळं. दुधाचा आकडा पण ह्याच्याच आसपास असतोय, आणि दुधासाठी आपण पैदास करतोच की. रागाचा म्हणून एकच जीन असतो असं काही नाही, शेकडो जीन थोडं थोडं काम करतात, म्हणून एका पिढीत जादू होत नाही.

पण होतं. रशियात नोव्होसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव ह्या शास्त्रज्ञानं १९५९ ला कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला, दर पिढीत माणसाला कमी भिणारी पिल्लं तेवढी पुढं पैदाशीला ठेवायची, बस. दहाएक पिढ्यांत शेपूट हलवत माणसाकडं येणारे कोल्हे तयार झाले. कोल्ह्याची पिढी वर्षाची, म्हशीची चार-पाच वर्षांची, हा फरक डोक्यात ठेवा म्हणजे उतावळेपणा होणार नाही.

आणि लांब रशियात कशाला जायचं. पंढरपुरी म्हस बघा. कोल्हापूरकडं गवळी कट्ट्यावर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर धार काढतात, गर्दी, गाड्या, हॉर्न, तरी म्हस पान्हा सोडते, आणि एका दिवसात दोन-चार ठिकाणी थोडं थोडं दूध देते. जी म्हस रस्त्यावर बुजेल ती गवळ्याच्या कामाचीच नाही, तिची रेडी कोण ठेवणार? असं पिढ्यानपिढ्या चालत आलंय. बेळगावात दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात तेव्हा मालकाच्या गाडीमागं त्या धावतात, ती सवय तर आहेच, पण मुळात माणसाला धरून राहणारं रक्त पण आहे. सायलेन्सर काढून गाडी रेटायची गरज मला कधी कळली नाही, म्हस हाकेवर येतेच, ते असो. कृष्णा खोरे ह्या गाय-बैलांच्या जातीचं पण तसंच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी काळ्या चिकट जमिनीत ओढायला दांडगा बैल पाहिजे म्हणून ती जात घडवली. आज शोधायची झाली तर अथणी-रायबागकडं फिरावं लागतंय.

आता कामाचं बोलू. स्वभावाला मार्क द्यायच्या आधी दुखणं तपासा, ही पहिली पायरी आणि लोक हीच गाळतात. कालपर्यंत गरीब असलेली गाय आज लाथ मारते तर तो स्वभाव नव्हे. कासेला हात लावून बघा, गरम, टणक, एका सडात गाठ लागते का, दूध फाटल्यासारखं येतंय का, म्हणजे दगडी, कासेची सूज, झाली. सडाला चिरा आहेत का. खूर वाढलेत का, लंगडते का. कासेच्या वरच्या बाजूला, मांडीच्या बेचक्यात गोचीड लागल्यात का. नुकती व्यायलेली गाय वासराजवळ कुणाला फिरकू देत नाही, ते चार-आठ दिवसाचं असतं, ते चांगल्या आईचं लक्षण, त्याला मारकी म्हणू नका. माजावर असताना पण चुळबूळ असतेच. सारखी माजावर, दुसऱ्या गाईंवर चढते, वळूसारखी डुरकते, तर अंडाशयात गाठी असतील, डॉक्टरला दाखवा.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. जनावर अचानक अंगावर यायला लागलं, सारखं हंबरतंय, आवाज बदललाय, लाळ गळतीय, पाणी गिळता येत नाही, तर तोंडात हात घालून काय अडकलंय ते बघायला जाऊ नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असू शकतंय. लांब बांधा, डॉक्टरला बोलवा, आणि ज्यांचा ज्यांचा लाळेशी संबंध आला त्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, त्यात उद्या-परवा करायचं नाही.

दुखणं नाही हे ठरलं की मग हात बघायचा, म्हणजे धार कोण काढतंय ते. ओरडणं, शेपूट पिळणं, पेकाटात बुक्की, हे ज्या गोठ्यात चालतं तिथं सगळीच जनावरं बुजरी असतात. ह्यात शास्त्र पण आहे. पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळं, आणि भ्यालं की अंगात अ‍ॅड्रेनालीन येतं ते त्याला आडवं येतं. गाईच्या कासेत खाली टाकीत थोडं तरी दूध साठलेलं असतं, म्हशीच्या टाकीत फार थोडं असतं, जवळजवळ सगळं वर बारीक पिशव्यांत, त्यामुळं म्हस भ्याली की सड ओढून काय उपयोग नाही. मग लोक ऑक्सिटोसिनची सुई मारतात. ती रोजची सुई म्हणजे भित्र्या जनावराच्या भीतीवर उपाय नाही, त्या भीतीवर घातलेलं झाकण आहे, आणि दूध काढायला जनावराच्या तब्येतीला घातक इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा पण आहे. ज्या म्हशीला सुईशिवाय पान्हा येत नाही तिची रेडी पुढं पैदाशीला ठेवायच्या आधी दोनदा विचार करा.

आता मोजायचं कसं. लई काही यंत्र लागत नाही, वही आणि मोबाईल.

जनावर मोकळं किंवा लांब दाव्यावर असताना समोरनं सावकाश, हात खाली ठेवून चालत जावा. ते मागं सरकायला लागतं तेव्हा तुमच्यात आणि त्याच्यात किती पावलं होती ते लिहा. हुंगायला पुढं आलं तर शून्य. हे ओळखीच्या माणसानं एकदा आणि अनोळखी माणसानं एकदा करायचं, कारण बरीच जनावरं घरच्याला गरीब आणि पाहुण्याला वाघ असतात.

दुसरं, लाळ्या-खुरकुताच्या लसीला सरकारी माणसं येतात तेव्हा किंवा दवाखान्याच्या जनावर अडकवायच्या खोड्यात घातल्यावर बघायचं. शांत उभं राहिलं तर १, थोडी चुळबूळ तर २, सारखं हलतंय, शेपूट आपटतंय तर ३, खोडा हलवतंय तर ४, उड्या मारतंय, पडून घेतंय, बसकण मारतंय तर ५. आणि सोडल्यावर कसं बाहेर पडलं ते बघा, चालत, दुडक्या चालीनं का उधळून. ऑस्ट्रेलियात हाच बाहेर पडायचा वेग सेन्सरनं मोजतात, जास्त वेगानं पळणारं जनावर जास्त भित्रं असतं. आपण मोबाईलवर व्हिडिओ काढला तरी चालतंय.

तिसरं धारेचं. सडाला हात लावल्यापासून पान्हा यायला किती वेळ, लाथा किती, पाय बांधावे लागले का, आंबोण संपल्यावर पण उभी राहते का. शेवटचं लई महत्त्वाचं, कारण पेंड खाईपर्यंत सगळ्याच गरीब असतात. पहिल्या वेताची कालवड पहिले पंधरा-वीस दिवस नाचणारच, तिचं मोजमाप त्यानंतर करा.

एकदा बघून मार्क देऊ नका. वेगवेगळ्या दिवशी बघायचं, आणि शक्यतो एकाच माणसानं सगळ्या जनावरांना मार्क द्यायचे, नाहीतर काकांचा ३ आणि पुतण्याचा ३ जुळत नाही.

कपाळावरच्या केसांच्या भोवऱ्याचं काय, हे विचारणारच तुम्ही. खिल्लार घेताना आपली जुनी माणसं भोवरा बघितल्याशिवाय पुढं जात नाहीत. मालकाला खातो, घर बुडवतो, हे जे काही सांगतात त्याला माझ्या लेखी अर्थ नाही. पण गंमत अशी की अमेरिकेत जनावरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या टेंपल ग्रँडिन बाईंनी १९९५ ला गुरांचे भोवरे तपासले, तर डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली जनावरं अडकवल्यावर जास्त धडपडत होती. कातडी आणि मेंदू गर्भात एकाच थरातनं तयार होतात म्हणून असा संबंध असावा असा अंदाज. तरी एवढ्यावरनं जनावर नाकारू नका. भोवरा बघून संशय घ्या, निर्णय धारेला बसून घ्या.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, वळू. गाय आयुष्यात पाच-सहा वासरं देईल, एका वळूच्या वीर्याच्या कांड्या हजारोंनी जातात, म्हणून स्वभाव बदलायचा तर खरा कळीचा मुद्दा कांडीत आहे. भरवून झाल्यावर रिकामी कांडी उकिरड्यावर टाकतात, ती टाकायच्या आधी फोटो काढा, तिच्यावर वळूचा नंबर असतोय. तो नंबर आणि गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वहीत एका ओळीत लिहा. सरकारी नोंदीत असेलच, पण आपल्या वहीत असलेलं बरं.

मग असं करायचं. भरवणाऱ्या माणसाला विचारा, चार-पाच वर्षांपूर्वी ह्या भागात कुठल्या नंबरच्या कांड्या वापरल्या. त्या वळूच्या मुली आता पहिल्या-दुसऱ्या वेताला असणार. त्या कुणाकुणाच्या गोठ्यात आहेत ते हुडकून धारेच्या वेळेला जावा. एकाच वळूच्या मुली चार वेगळ्या घरांत, चार वेगळ्या हातांखाली, आणि चारही ठिकाणी लाथा मारतात, तर तो वळूचा गुण. एकाच घरात मारतात आणि बाकी तीन घरांत गरीब आहेत, तर त्या घरच्या माणसाचा गुण, वळूला दोष देऊ नका. मोठमोठ्या संस्था हजारो मुलींवर हेच करतात, त्याला संतती चाचणी म्हणतात, आपण गावापुरतं करतोय. चार मुलींवर पक्कं सांगता येत नाही हे खरं, दहा-बारा मिळाल्या तर उत्तम, पण काहीच न बघता भरवण्यापेक्षा हे कधीही बरं.

परदेशी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) वळूंच्या माहितीच्या शीटवर कधी कधी धारेच्या वेळच्या स्वभावाचा वेगळा रकाना असतो, तो बघायला सांगा. आपल्याकडच्या यादीत दूध, फॅट, आईचं वेत एवढंच असतं बहुतेक, म्हणून गावात फिरून बघण्याला पर्याय नाही. आणि दूध जास्त म्हणजे गाय मारकीच असं काही पक्कं नातं नाही, ती बाजारातली समजूत आहे, दोन्ही चांगलं असलेली जनावरं भरपूर सापडतात.

गावच्या रेड्याकडं म्हस नेत असाल तर दोन गोष्टी. तो रेडा तुमच्या म्हशीचा बाप किंवा भाऊ तर नाही ना, लहान गावात हे सहज होतंय. आणि रेड्याला आवरायला किती माणसं लागतात ते डोळ्यानं बघा. जोड्या लावताना मारकं आणि मारकं एकत्र आणायचं नाही, एवढं तरी पाळाच.

पुस्तकात लिहिलेलं असतं की मारकी जनावरं कळपातनं काढून टाका. ते परदेशातलं, तिथं काढून टाकणं म्हणजे कत्तलखाना. आपल्याकडं कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं गाय-बैल तर नाहीच, तेरा वर्षांखालची म्हस पण तिकडं जात नाही. मग मारकी गाय आपण काय करतो, बाजारात नेऊन न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, तिथनं ती तिसऱ्याकडं, आणि प्रत्येक दाव्यावर मार खाते. त्यापेक्षा तिला ठेवा, दूध घ्या, सगळ्यात गरीब वळूची कांडी भरवा, आणि तिची पाडी पैदाशीला ठेवू नका. विकायचीच झाली तर सांगून विका, दर कमी येईल, येऊ दे.

पाडीला रक्त कितीही चांगलं असलं तरी पहिले काही आठवडे तिच्याकडं कुणी गेलंच नाही तर ती बुजरीच होणार. रोज थोडा वेळ मानेखाली, पाठीवर, पुढं मोठी झाल्यावर कासेच्या जागी हात फिरवा. गाभण कालवडीला सातव्या-आठव्या महिन्यापासून धारेच्या जागेवर नेऊन उभं करा, कास पुसा. खोंड किंवा रेडकू पैदाशीला ठेवणार असाल तर त्याला एकट्याला वाढवू नका. एकटा, बाटलीवर, लाडात वाढलेला नर माणसाला आपल्यातलाच समजतो आणि मोठा झाल्यावर टक्कर माणसालाच देतो. पोरं लहान बोकडाशी, मेंढ्याशी कपाळाला हात लावून टकरीचा खेळ खेळतात ते बंद करा, चार महिन्यांनी तोच खेळ महागात पडतो.

बाजारात घेताना वही नसते, तिथं दुसरी नजर लागते. चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत किंवा कुठल्या पण बाजारात गेलात तर रुमालाखाली बोटं धरून दर ठरवायच्या आधी म्हशीच्या मागं जाऊन खाली वाकून बघा, मागच्या पायाच्या घोट्याच्या वर केस उडालेत का, कातडी घासून काळी-गुळगुळीत झालीय का. झालीय तर तिचे पाय रोज बांधले जातात. गाईच्या, बैलाच्या वेसणीचं भोक बघा, फाटून लांबलंय का. डोळ्याचा पांढरा भाग सारखा दिसतोय का, कान एका जागी ठरत नाहीत का, माणूस मागनं गेला की लगेच शेण टाकतीय का, ही भीतीची लक्षणं. दलाल कन्नड बोलणारा असेल तर सरळ विचारा, ओदीतैतेन री, म्हणजे लाथ मारते का? तो म्हणणारच, इल्ल री, भाळ साधू ऐती, म्हणजे नाही हो, लई गरीब आहे. मग म्हणा, बरं, तू बाजूला हो, आमच्या मंडळींना धार काढू दे. तिथंच कळतंय सगळं. बाजारात गर्दीनं गरीब म्हस पण बुजते, त्यामुळं शक्य असेल तर मालकाच्या गोठ्यावर जाऊन दुसरी धार बघा.

खिल्लारचं थोडं वेगळं आहे. खिल्लार मुळातच चपळ, तापट, आणि शर्यतीवाल्यांना तेच पाहिजे. सुप्रीम कोर्टानं मे २०२३ ला तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्ही राज्यांचे बैलांच्या खेळांना परवानगी देणारे कायदे उचलून धरले, शर्यती चालू राहिल्या आणि पळणाऱ्या वळूला मागणी वाढली. माझं म्हणणं एवढंच की नांगराला, बैलगाडीला बैल पाहिजे असेल त्यानं शर्यतीच्या वळूची कांडी घेऊ नये. बिचाऱ्या त्या बैलाला जू खांद्यावर घेऊन उसाच्या गाडीला तासभर उभं राहायचंय, त्याच्या रक्तात पळायचं भरून ठेवून मग उभा राहत नाही म्हणून चाबूक मारायचा, ह्याला काय अर्थ.

कोंबड्यांत हे सगळं लवकर दिसतं. लेगहॉर्नला जास्त अंडी द्यायला निवडत गेले, तर तिचं अंड्यांवर खुडूक बसणंच गेलं, गावठी अजून बसते. म्हणजे एक गुण ओढला की दुसरा गळतो कधी कधी, हे लक्षात ठेवा.

म्हणूनच गरीब जनावर निवडताना एक खबरदारी. सोसणारं आणि शांत ह्यात फरक आहे. शांत जनावर तुमच्याकडं बघतं, कान फिरवतं, पेंडेच्या बादलीच्या आवाजानं मान वर करतं, दुसरं जनावर आलं तर जागा धरतं, फक्त घाबरत नाही. चिखलात, आखूड दाव्यावर बांधलेलं, कशालाच प्रतिसाद न देणारं जनावर शांत नसतं, ते खचलेलं किंवा आजारी असतं, आणि असल्या जनावराला वहीत १ मार्क देऊन त्याची पैदास वाढवली तर पुढच्या पिढ्यांत नुसती सोसणारी जनावरं मिळतील. बादली वाजवून पण मान वर होत नसेल तर आधी ताप बघा, १०३ च्या वर असेल तर डॉक्टरला फोन करा, ताप नसेल तर दावं लांब करून, जागा कोरडी करून आठवड्यानं परत बघा, तोपर्यंत स्वभावाचा रकाना मोकळा ठेवा.